जठराचा कर्करोग

जठराचा कर्करोग (जठर-कर्करोग, पोटाचा कॅन्सर) हा जठराच्या आतील अस्तरातील पेशींची अनियंत्रित वाढ होऊन उद्भवणारा घातक रोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने मृत्यू पावले. नवे रुग्ण आणि मृत्यू या दोन्ही बाबतींत सर्व कर्करोगांमध्ये त्याचा क्रमांक पाचवा लागतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असून बहुतेक रुग्ण वयाची पन्नाशी ओलांडलेले असतात.

दोन गोष्टींमुळे हा रोग इतर अनेक कर्करोगांपेक्षा वेगळा ठरतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये त्याच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा दीर्घकालीन संसर्ग असतो आणि हा संसर्ग औषधांनी बरा करता येतो. दुसरी गोष्ट अशी की, रोगाची सुरुवातीची लक्षणे नेहमीच्या अपचनाहून वेगळी नसतात. त्यामुळे ज्या देशांत नियमित चाळणी तपासणी होत नाही तेथे रोग बहुधा पसरल्यानंतरच लक्षात येतो.

जठराची रचना

बोलीभाषेत 'पोट' हा शब्द छातीखालच्या सगळ्याच भागासाठी वापरला जातो. त्यामुळे 'पोटाचा कॅन्सर' या नावाखाली मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड किंवा अंडाशय यांचे कर्करोगही सरसकट घातले जातात. हे सर्व वेगवेगळे रोग असून त्यांची कारणे व उपचार भिन्न आहेत.

जठर ही अन्ननलिका आणि लहान आतडे यांच्यामधील स्नायुमय पिशवी आहे. अन्ननलिकेला जोडलेल्या वरच्या भागाला कार्डिया, खालच्या निमुळत्या भागाला अँट्रम आणि लहान आतड्याकडे उघडणाऱ्या झडपेसारख्या भागाला जठरनिर्गम म्हणतात. जठराची भित्ती अनेक थरांची असते. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांनी भरलेला सैल थर, मग स्नायूंचा जाड थर आणि शेवटी बाहेरचे पातळ आवरण अशी ही रचना आहे. कर्करोग नेहमी आतल्या अस्तरात सुरू होऊन बाहेरच्या दिशेने सरकतो. तो यांपैकी किती थर भेदून गेला आहे, यावर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

प्रकार

जठरातील सुमारे ९० ते ९५ टक्के कर्करोग अस्तरातील ग्रंथिपेशींपासून निर्माण होतात. त्यांना ॲडेनोकार्सिनोमा म्हणतात आणि नुसते 'जठराचा कर्करोग' म्हटले असता हाच प्रकार अभिप्रेत असतो. फिनलंडचे विकृतिशास्त्रज्ञ पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्ये त्याचे दोन मुख्य गट पाडले. ही विभागणी आजही वापरात आहे. 'आंत्रीय' प्रकारात कर्कपेशी आतड्याच्या अस्तरातील ग्रंथींसारखी रचना करतात. हा प्रकार प्रामुख्याने उतारवयात व पुरुषांत दिसतो आणि वर्षानुवर्षांच्या जठरदाहातून टप्प्याटप्प्याने तयार होतो. 'विसरित' प्रकारात पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या-सुट्या होऊन भित्तीत झिरपतात. हा प्रकार तुलनेने तरुण वयात आणि स्त्री-पुरुषांत जवळजवळ सारख्या प्रमाणात आढळतो. तो कधी कधी संपूर्ण जठराची भित्ती कडक व जाड करून टाकतो. अशा जठराची तुलना चामड्याच्या पखालीशी केली जाते. दुर्बिणीतून पाहताना त्यात उठून दिसणारी गाठ नसल्यामुळे तो नजरेतून निसटण्याचा धोका अधिक असतो.

२०१४ साली अमेरिकेतील 'कॅन्सर जीनोम ॲटलास' प्रकल्पाने जनुकीय घडणीच्या आधारे चार गट सुचवले. एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित, डीएनए-दुरुस्तीतील दोषामुळे अस्थिर झालेले, जनुकीयदृष्ट्या स्थिर आणि गुणसूत्रांची अस्थिरता असलेले असे हे गट आहेत. औषधांची निवड आता काही अंशी या घडणीवरून केली जाते.

जठरात लिम्फोमा व जठरांत्र स्ट्रोमल ट्यूमर (जिस्ट) हे वेगळ्या स्वरूपाचे घातक अर्बुदही होतात. त्यांपैकी 'माल्ट' नावाचा मंदगती लिम्फोमा वैद्यकाच्या दृष्टीने कुतूहलाचा आहे. कारण आरंभीच्या अवस्थेत केवळ प्रतिजैविकांनी हेलिकोबॅक्टरचा नायनाट केला असता तो अनेक रुग्णांमध्ये विरून जातो.

कारणे

हेलिकोबॅक्टर पायलोरी

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीवाणू जगू शकत नाही, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठरदाहाच्या रुग्णांच्या ऊतकनमुन्यांत वळणदार जीवाणू वारंवार दिसू लागले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी या जीवाणूचा पाठपुरावा केला आणि १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवण्यात त्यांना यश आले. जीवाणूमुळे खरोखरच जठरदाह होतो हे दाखवण्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच त्याचे संवर्ध प्राशन केले आणि काही दिवसांतच त्यांना जठरदाह झाला. या शोधाबद्दल दोघांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जीवाणू यूरिएज नावाचे विकर तयार करतो. त्याच्या साहाय्याने तो यूरियापासून अमोनिया निर्माण करून आपल्या भोवतालचे आम्ल निष्प्रभ करतो आणि अस्तरावरील श्लेष्म्याच्या थरात मुक्काम ठोकतो. संसर्ग बहुधा बालपणी, घरातील माणसांकडून होतो आणि उपचार न केल्यास सहसा आयुष्यभर टिकतो. दाटीची वस्ती व अस्वच्छ पाणी असलेल्या ठिकाणी त्याचे प्रमाण जास्त असते. जगातील सुमारे निम्म्या लोकसंख्येला हा संसर्ग असल्याचे दीर्घकाळ मानले गेले आहे; अलीकडे अनेक देशांत तो घटत आहे.

या संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास काही दशकांचा असतो. कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेआ यांनी त्याची साखळी मांडली. प्रथम अस्तराला कायमची सूज येते. पुढे आम्ल निर्माण करणाऱ्या ग्रंथी झिजतात. त्यानंतर जठराच्या अस्तराचे काही पट्टे आतड्याच्या अस्तरासारखे होतात, मग पेशींची रचना बिघडते आणि अखेरीस कर्करोग निर्माण होतो. बहुतेक लोकांमध्ये ही साखळी मध्येच थांबते. संसर्ग असलेल्यांपैकी साधारण १ ते ३ टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी कर्करोग होतो. त्यामुळे हेलिकोबॅक्टरची तपासणी सकारात्मक येणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे, हे रुग्णाला स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते.

असे असले तरी संसर्गाशिवाय हा कर्करोग क्वचितच होतो. जपानमध्ये १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षे पाठपुरावा करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही तो झाला नाही. कार्डिया वगळता जठराच्या उर्वरित भागातील सुमारे ९० टक्के कर्करोगांचे मूळ या जीवाणूत असल्याचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याचा समावेश मानवातील निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात केला. जीवाणूचे सर्व वाण सारखेच घातक नसतात. 'कॅग-ए' हे प्रथिन निर्माण करणारे वाण अधिक धोकादायक समजले जातात.

मीठ, धूर आणि शीतकपाट

मिठात मुरवलेले मासे व भाज्या, धुरावलेले मांस आणि प्रक्रिया केलेले मांसाचे पदार्थ यांच्या अतिसेवनाचा या रोगाशी संबंध आढळला आहे. जास्त मीठ अस्तराला इजा करते आणि जीवाणूचे काम सोपे करते. मांस टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्राइटपासून पोटात नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात. मिठाच्या भाज्यांविषयीचा पुरावा मुख्यतः पूर्व आशियातील पारंपरिक पदार्थांचा आहे. तेलात घातलेल्या भारतीय लोणच्यांना तो जसाच्या तसा लावणे योग्य नाही. तिखट किंवा मसालेदार खाण्याने हा कर्करोग होतो या लोकप्रिय समजुतीलाही निर्विवाद पुरावा नाही.

विसाव्या शतकात या रोगाचे प्रमाण ज्या रीतीने घटले ते कर्करोगाच्या इतिहासात विरळा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील पुरुषांच्या कर्करोग-मृत्यूंमध्ये जठराचा कर्करोग अग्रस्थानी होता. आज तो तेथे पहिल्या दहा कारणांतही सहसा नसतो. ही घट घडवून आणण्यासाठी कोणतीही मोहीम राबवली गेली नव्हती. घरोघरी शीतकपाट आले, अन्न टिकवण्यासाठी मीठ व धूर यांची गरज उरली नाही, ताजी फळे व भाज्या वर्षभर मिळू लागल्या आणि सुधारलेल्या राहणीमानामुळे मुलांमधील जीवाणूसंसर्ग कमी झाला. या बदलांचा तो एकत्रित, अनपेक्षित परिणाम होता.

इतर कारणे

धूम्रपानाने या रोगाचा धोका वाढतो, हे निश्चित झाले आहे. कार्डिया भागातील कर्करोगाचा संबंध मात्र हेलिकोबॅक्टरपेक्षा लठ्ठपणा व अन्ननलिकेत उलट येणारे आम्ल यांच्याशी अधिक आहे. पाश्चात्त्य देशांत एकूण जठर-कर्करोग घटत असताना या भागातील कर्करोगाचा वाटा वाढला, तो यामुळेच. जीवनसत्त्व ब-१२ च्या अभावाने होणाऱ्या घातक रक्तक्षयातील जठरदाह, पूर्वी जठराचा भाग काढण्याची झालेली शस्त्रक्रिया आणि काही प्रकारचे जठरातील मोड (पॉलिप) यांमुळेही धोका वाढतो. 'अ' रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये हे प्रमाण किंचित अधिक असल्याचे १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये दिसून आले. व्यक्तिगत पातळीवर या माहितीला फारसे महत्त्व नाही.

आई, वडील किंवा भावंडांना हा रोग झालेला असल्यास धोका दोन ते तीन पट असतो. त्यात काही भाग सामायिक संसर्गाचा व आहाराचा असतो. शुद्ध आनुवंशिक रोग थोड्याच घराण्यांत आढळतो. न्यूझीलंडमधील एका माओरी घराण्यात अनेक पिढ्यांत तरुण वयात या रोगाने मृत्यू होत होते. घराण्यातील सदस्य व संशोधक यांच्या सहकार्यातून १९९८ मध्ये 'सीडीएच-१' या जनुकातील दोषाचा शोध लागला. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे प्रथिन या जनुकाच्या आदेशाने तयार होते. विसरित प्रकारात पेशी सुट्या का होतात, याचाही उलगडा त्यातून झाला. असा दोष वारशाने आलेल्या व्यक्तींना रोग होण्यापूर्वीच संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, कारण या प्रकारची सुरुवात दुर्बिणीला दिसेलच अशी खात्री देता येत नाही.

लक्षणे

आरंभीच्या अवस्थेत बहुधा कोणतेही लक्षण नसते, किंवा असलेच तर वरच्या पोटात जडपणा, जळजळ, ढेकर, मळमळ अशा स्वरूपाचे असते. मराठीत या सगळ्याला 'पित्त झाले' असे म्हणतात आणि त्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणणे ही सर्वसामान्य रीत आहे. अशी तक्रार असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतोच. अडचण अशी की, आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या औषधांनी कर्करोगाच्या व्रणामुळे होणारा त्रासही काही काळ शमतो. अशा औषधांनी वरवर भरून आलेला व्रण दुर्बिणीतूनही चुकू शकतो. आराम पडला म्हणून कर्करोग नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

पुढील अवस्थेत थोडे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे, अन्नावरची वासना जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, वारंवार उलट्या होणे ही लक्षणे दिसतात. गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपत राहिल्याने रक्तक्षय होऊन थकवा व धाप लागते. रक्तस्राव अधिक असल्यास शौचास डांबरासारखी काळी, चिकट व दुर्गंधीयुक्त होते किंवा रक्ताची उलटी होते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, परंतु ते चिकट नसते.) गाठ कार्डियाजवळ असल्यास गिळताना घास अडकतो. जठरनिर्गमाजवळ असल्यास आदल्या दिवशी खाल्लेले अन्न उलटून पडते. वाढत्या वयात प्रथमच सुरू झालेले व न थांबणारे अपचन, घटणारे वजन, कारण न सापडलेला रक्तक्षय, काळी शौच किंवा गिळण्यास त्रास यांपैकी काहीही असल्यास औषध देऊन वाट न पाहता दुर्बिणीतून तपासणी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

डाव्या गळपट्टीच्या हाडावरील कठीण गाठ, बेंबीत आलेली गाठ, पोटात पाणी होणे, कावीळ ही चिन्हे रोग दूरवर पसरल्याची असतात. स्त्रियांमध्ये तो अंडाशयात पसरून तेथील गाठीच्या रूपाने प्रथम उघडकीस येऊ शकतो.

निदान

निश्चित निदानाचा मार्ग एकच आहे. एन्डोस्कोपीने जठराचे आतून निरीक्षण करून संशयास्पद जागेतून ऊतकाचे अनेक लहान तुकडे घेणे आणि त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी (बायॉप्सी) करणे. तोंडातून लवचीक नळी घालून केली जाणारी ही तपासणी काही मिनिटांची असून त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. बायॉप्सीने कर्करोग पसरतो ही भीती व्यापक असली तरी निराधार आहे; उलट तिच्यावाचून उपचाराची दिशाच ठरत नाही. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत आरंभीचा जठर-कर्करोग सहसा दिसत नाही. 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' या आधारावर एन्डोस्कोपी टाळणे हे विलंबाचे एक कारण ठरते.

निदानानंतर रोगाची व्याप्ती ठरवण्यासाठी सीटी स्कॅन, काही रुग्णांत एन्डोस्कोपिक सोनोग्राफी आणि पोटाच्या आतील आवरणावरील बारीक पसार शोधण्यासाठी लॅपरोस्कोपी करतात. गाठीची खोली, बाधित लसिका ग्रंथींची संख्या आणि दूरचा पसार यांवरून रोगाच्या चार अवस्था मानल्या जातात. श्लेष्मल अस्तर व त्याखालचा सैल थर यांपुरताच मर्यादित असलेल्या कर्करोगाला 'आरंभिक जठर-कर्करोग' म्हणतात. ही संकल्पना जपानी एन्डोस्कोपी-तज्ज्ञांनी १९६२ मध्ये मांडली.

उपचार

जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे केली. त्यापूर्वी फ्रान्समध्ये पेआं आणि पोलंडमध्ये रिडिगिअर यांनी केलेल्या प्रयत्नांत रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथ यांची रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी होऊन जेवू लागली, परंतु रोग उलटल्याने काही महिन्यांतच तिचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया साधली तरी रोग आधीच पसरलेला असतो, हा त्या पहिल्याच रुग्णात आलेला अनुभव पुढील शतकभर शल्यचिकित्सकांना येत राहिला.

केवळ अस्तरापुरता असलेला लहान कर्करोग आज पोट न उघडता, एन्डोस्कोपीतूनच सोलून काढता येतो. जपानमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीत जठर शाबूत राहते. आरंभिक अवस्थेत उपचार झालेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली येते. या दोन आकड्यांमधील दरी वेळेवर झालेल्या निदानाने जेवढी भरून निघते तेवढी आजवरच्या कोणत्याही औषधाने भरून निघालेली नाही.

खोलवर गेलेल्या परंतु दूर न पसरलेल्या रोगात जठराचा भाग किंवा संपूर्ण जठर आणि भोवतालच्या लसिका ग्रंथी काढतात. अवस्थेचे निश्चित मूल्यमापन होण्यासाठी किमान १६ ग्रंथी तपासल्या जाव्यात असा दंडक आहे. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटते. ब्रिटनमधील 'मॅजिक' चाचणीत (२००६) पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेने २३ टक्के, तर जोडीला केमोथेरपी दिल्याने ३६ टक्के आढळले. जर्मनीत विकसित झालेल्या 'फ्लॉट' या चार औषधांच्या संचाने २०१९ मध्ये त्याहून सरस परिणाम दाखवले.

पसरलेल्या रोगात उपचारांचा उद्देश आयुष्य वाढवणे व त्रास कमी करणे हा असतो. गाठीवर हर-२ हे प्रथिन जास्त प्रमाणात असल्यास केमोथेरपीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब देतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. काही रुग्णांना प्रतिकारशक्तीवरील अटकाव दूर करणाऱ्या निव्होलुमॅबसारख्या औषधांचा उपयोग होतो. क्लॉडिन-१८.२ या प्रथिनाला लक्ष्य करणारे झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये जपान व अमेरिकेत मान्य झाले. वेदनाशमन, अडलेला मार्ग मोकळा ठेवण्यासाठी बसवलेली जाळीदार नळी (स्टेंट) आणि पोटातील पाणी काढणे ही परिहारक सेवा उपचारांइतकीच महत्त्वाची असते.

जठराविना जीवन

संपूर्ण जठर काढल्यावर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली जाते आणि रुग्ण तोंडानेच जेवू शकतो. मात्र साठवणीची पिशवी उरत नसल्याने दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे, नीट चावून खावे लागते. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्यास घाम, धडधड, जुलाब व चक्कर येते. याला 'डम्पिंग' म्हणतात. सरबत, गूळ, मिठाई टाळणे व जेवताना जास्त पाणी न पिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. ब-१२ शोषले जाण्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होत असल्याने या जीवनसत्त्वाची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही आणि नेमकी याच काळात इंजेक्शने सोडून दिली जातात. पुढे त्यातून रक्तक्षय व मज्जातंतूंची इजा उद्भवते. वजन सहसा पूर्वीइतके होत नाही.

प्रतिबंध व चाळणी

प्रतिबंधाचा सर्वांत परिणामकारक ज्ञात मार्ग म्हणजे हेलिकोबॅक्टरचा नायनाट. दक्षिण कोरियात जठर-कर्करोगाच्या रुग्णांच्या निकटच्या नातेवाइकांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे नऊ वर्षांत औषध घेतलेल्या गटातील १.२ टक्के, तर औषधाचा आभास देणाऱ्या गोळ्या घेतलेल्या गटातील २.७ टक्के लोकांना कर्करोग झाला. तैवानच्या मात्सु बेटांवर २००४ पासून सरसकट तपासणी व उपचार केल्यानंतर कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. जपानने २०१३ मध्ये जठरदाह असलेल्या सर्व संसर्गितांच्या उपचाराचा खर्च आरोग्यविम्यात समाविष्ट केला. अस्तराची झीज फार पुढे जाण्यापूर्वी उपचार झाल्यास लाभ अधिक होतो.

संसर्गाची तपासणी श्वास, शौच किंवा बायॉप्सीच्या नमुन्यावर करता येते. तपासणीपूर्वी दोन आठवडे आम्लनाशक गोळ्या व चार आठवडे प्रतिजैविके बंद ठेवावी लागतात, अन्यथा संसर्ग असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. उपचारात आम्ल कमी करणारे औषध व दोन किंवा अधिक प्रतिजैविके बहुधा १४ दिवस देतात. भारतात मेट्रोनिडॅझोलसारख्या प्रतिजैविकांना जीवाणू मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. म्हणून उपचारांनंतर जीवाणू खरोखर गेला की नाही याची फेरतपासणी आवश्यक असते. प्रत्यक्षात ती अनेकदा होत नाही.

जपानमध्ये १९६० च्या दशकात बेरियम पाजून क्ष-किरणांद्वारे सामूहिक तपासणी सुरू झाली. क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या गाड्या गावोगाव जात असत. १९८३ पासून ती राष्ट्रीय आरोग्यसेवेचा भाग बनली आणि पुढे एन्डोस्कोपीलाही मान्यता मिळाली. दक्षिण कोरियात चाळीस वर्षांवरील प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणी उपलब्ध असून तेथील रुग्णांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात.

भारतातील स्थिती

भारतात दरवर्षी ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात असा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पूर्व आशियापेक्षा बरेच कमी आहे. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग भारतात सर्वदूर असूनही कर्करोग तुलनेने कमी का, हा प्रश्न वैद्यकीय साहित्यात 'भारतीय कोडे' म्हणून ओळखला जातो. जीवाणूच्या वाणांतील फरक, आहार, आनुवंशिक घडण अशी उत्तरे सुचवली गेली असली तरी त्यांवर एकमत नाही.

देशांतर्गत तफावतही मोठी आहे. सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये आढळते. तेथील संशोधनात धूम्रपान, धुरावलेले व मिठात टिकवलेले मांस, आंबवलेली डुकराची चरबी (सा-उम) आणि तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन बनवलेले 'तुइबुर' यांच्याशी रोगाचा संबंध दिसून आला. काश्मीरमध्येही प्रमाण जास्त आहे. चेन्नई व बंगळूर येथील आकडे मुंबईपेक्षा अधिक आहेत. ही तुलना शक्य झाली ती कर्करोग नोंदण्यांमुळे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, तर पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. महाराष्ट्रात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या तुलनेत जठराचा कर्करोग कमी आढळतो. त्यामुळे त्याचा संशयही उशिरा घेतला जातो.

रुग्णसंख्या कमी असली तरी परिणाम वेगळे चित्र दाखवतात. जपानमध्ये वर्षभरातील मृत्यू त्या वर्षीच्या नव्या रुग्णांच्या सुमारे एक-तृतीयांश असतात. भारतात हे प्रमाण जवळजवळ नऊ-दशांश आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी भारतात सरकारी चाळणी कार्यक्रम आहे. जठराच्या कर्करोगाचा त्यात समावेश नाही. प्रमाण कमी असलेल्या प्रदेशात सरसकट एन्डोस्कोपी परवडणारी नसल्याने, रुग्णाच्या निकटच्या नातेवाइकांची हेलिकोबॅक्टर-तपासणी आणि धोक्याची लक्षणे असलेल्यांची तातडीने एन्डोस्कोपी हे दोनच मार्ग तेथे व्यवहार्य मानले जातात.